कुलूप कोणी लावायचं? अमेरिकेतली राज्यं आणि बंदुकीच्या सुरक्षिततेचे कायदे

आजच्या विषयावर एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी येते, दोन दिवस ती टीव्हीवर चालते, आणि मग कोणीतरी विचारतं, "एवढी मुलं मरतात, तरी अमेरिका बंदुकांवर बंदी का आणत नाही?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो. पण त्यात दोन गोष्टी आपण गृहीत धरलेल्या असतात. पहिली, की 'अमेरिका' म्हणून कोणीतरी एकजण आहे आणि तो हा निर्णय घेऊ शकतो. दुसरी, की निर्णय फक्त 'बंदी' किंवा 'मोकळीक' एवढाच आहे. ही दोन्ही गृहीतकं बाजूला ठेवली की विषय उलगडायला लागतो.

म्हणून आज आपण वॉशिंग्टनकडे थोडं आणि राज्यांच्या विधिमंडळांकडे जास्त बघणार आहोत. सगळ्याच कायद्यांची यादी वाचण्यात अर्थ नाही, ती फार मोठी आहे. त्यापेक्षा एका साध्या दिसणाऱ्या कायद्यापाशी आपण जास्त वेळ थांबू. घरात बंदूक आहे, घरात मूल आहे, तर बंदुकीला कुलूप लावणं सक्तीचं असावं की नाही? सगळा वाद या एका प्रश्नात सापडतो, असं आम्हाला वाटतं.

आधी थोडे आकडे

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मरण पावली. आपल्याला इथे बसून वाटतं, की हे सगळे गोळीबाराचे बळी असतील, मॉलमधले, शाळेतले. तसं नाही. यातले सुमारे १७,९०० मृत्यू खुनाचे आहेत आणि सुमारे २७,३०० मृत्यू आत्महत्येचे. म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त मृत्यूंमध्ये बंदूक चालवणारा आणि मरणारा माणूस एकच आहे. बातम्यांत दिसणारे सामूहिक गोळीबार भयंकरच असतात, पण एकूण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा फार छोटा आहे.

दुसरा आकडा. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी बरीच वर्षं ते वाहन अपघात होतं.

तिसरा आकडा. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत. देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. आणि २०२१ मधल्या एका सर्वेक्षणाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४६ लाख मुलं अशा घरात राहतात, जिथे निदान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि कुलूप नसलेली असते. हा तिसरा आकडा लक्षात ठेवा. आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

त्यांचा हक्क, आपला परवाना

आपल्याकडे बंदूक हवी असेल तर काय करावं लागतं? १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अर्ज करायचा. जिल्हाधिकारी किंवा शहरात पोलीस आयुक्त, पोलीस पडताळणी, कारण सांगा, पुरावा द्या. कारण पटलं तर परवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं, हे तुमच्यापैकी अनेकांनी गावाकडे पाहिलं असेल. म्हणजे आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे.

हे आपोआप असं झालं नाही, बरं का. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केलं, त्याची ती प्रतिक्रिया होती. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवं ते शस्त्र विकत घेऊ लागला तर राज्याने कारभार करायचा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

अमेरिकेत याच्या उलट घडलं. १७९१ मध्ये स्वीकारलेली दुसरी घटनादुरुस्ती हे एकच वाक्य आहे. त्यात सुनियंत्रित नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येऊ नये असंही म्हटलं आहे. हक्क सेनेचा की माणसाचा, हा वाद दोनशे वर्षं चालला. २००८ मध्ये 'हेलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की हक्क व्यक्तीचा आहे, आणि स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं त्यात येतं. २०१० मध्ये 'मॅकडोनाल्ड' खटल्यात हेच बंधन राज्यांनाही लागू झालं.

आता 'हेलर'मधली एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची. राजधानी वॉशिंग्टनच्या ज्या कायद्याविरुद्ध हा खटला होता, त्यात पिस्तुलावर बंदी होतीच. शिवाय घरातली रायफल किंवा शॉटगन गोळ्या काढून, सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवायची अशी सक्ती होती. न्यायालयाने तीही रद्द केली, कारण संकटाच्या वेळी बंदूक वापरताच येणार नसेल तर हक्क कागदावरच राहतो. पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं, की अपघात टाळण्यासाठी शस्त्र कसं ठेवावं याचे कायदे या निकालाने बाद होत नाहीत. म्हणजे दार बंद केलं, पण एक फट ठेवली. राज्यांचे कुलपाचे कायदे त्या फटीच्या आधारावर टिकून आहेत.

पन्नास राज्यं, चार प्रश्न

केंद्राचे कायदे आहेत, पण ते पायाचे दगड आहेत असं समजा. १९३४ चा, १९६८ चा, १९९३ चा ब्रेडी कायदा, आणि २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी झालेला एक. परवानाधारक दुकानदाराने गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासलीच पाहिजे, ही केंद्राची अट. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला बंदूक विकली तर केंद्राच्या कायद्याने बहुतेक वेळा ती तपासणी लागत नाही. अशा मोकळ्या जागा भरायच्या की तशाच ठेवायच्या, हे राज्य ठरवतं. आणि चाळीसहून अधिक राज्यांनी आपल्या शहरांना यात स्वतःचे वेगळे कायदे करायला मनाई केली आहे. म्हणजे शहराच्या महापौराला कितीही वाटलं तरी चावी राज्याच्या विधिमंडळाकडे.

राज्यांचे कायदे कितीही किचकट दिसले तरी ते चार प्रश्नांची उत्तरं असतात.

पहिला प्रश्न: बंदूक कोण विकत घेऊ शकतो? काही राज्यांत आधी परवाना काढावा लागतो. कनेक्टिकटने १९९५ मध्ये अशी पद्धत आणली. मिसुरीत ती होती, पण २००७ मध्ये त्यांनी ती रद्द केली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दोन्हींचा माग काढला. कनेक्टिकटमध्ये पहिल्या दहा वर्षांत बंदुकीने होणारे खून अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांना दिसलं, मिसुरीत रद्द केल्यानंतर जवळपास चौथाईने वाढल्याचं. हे अंदाज आहेत, त्यांच्यावर वाद आहेत. पण दोन राज्यं विरुद्ध दिशांना गेली आणि आकडेही विरुद्ध दिशांना गेले, एवढं तर दिसतं.

दुसरा प्रश्न: घराबाहेर कशी बाळगायची? व्हरमाँटमध्ये अशा परवान्याची गरज कधी नव्हतीच. आज २९ राज्यांत परवान्याशिवाय लपवून बंदूक बाळगता येते. याच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क होतं. तिथे १९११ च्या सलिव्हन कायद्याखाली 'खास कारण' दाखवावं लागे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या 'ब्रुएन' निकालात ही अट रद्द केली, आणि सांगितलं की बंदुकीचा कुठलाही कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे. तेव्हापासून अमेरिकेतले वकील अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले कायदे शोधत बसले आहेत. २०२४ च्या 'रहीमी' निकालात न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी थोडा सैलपणा आणला. ज्याच्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराचा प्रतिबंधक आदेश आहे त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते, जुन्या कायद्याची हुबेहूब नक्कल सापडायलाच हवी असं नाही, असं ते म्हणाले.

तिसरा प्रश्न: एखाद्याची लक्षणं ठीक दिसत नसतील तर? याला 'रेड फ्लॅग' कायदे म्हणतात. घरचे लोक किंवा पोलीस न्यायालयात जातात, न्यायाधीश पुरावा बघून काही काळापुरती बंदूक काढून घेण्याचा आदेश देतात. पहिला कायदा कनेक्टिकटचा, १९९९ चा. फ्लोरिडाने २०१८ मध्ये, पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांत असा कायदा केला, आणि त्यावर रिपब्लिकन गव्हर्नरने सही केली. आज वीसहून अधिक राज्यांत तो आहे.

चौथा प्रश्न: घरात कशी ठेवायची? आता इथे थांबू.

कुलपाचा कायदा

याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात, मुलाच्या हाती बंदूक लागली तर नंतर मालक दोषी ठरतो. पहिला कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला. टेक्सासमध्येही असा कायदा १९९५ पासून आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. दुसऱ्या प्रकारात, काही घडो वा न घडो, बंदूक अंगावर किंवा हाताशी नसेल तर ती कुलूपबंद असलीच पाहिजे. मॅसॅच्युसेट्सचा १९९८ चा आणि ओरेगनचा २०२१ चा कायदा असा आहे. 'हेलर'नंतर मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याला आव्हान दिलं गेलं, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो टिकवला. कारण साधं होतं: मालक बंदूक हाताशी ठेवून बसला असेल तर कुलूप लागत नाही; तो कामावर गेला असेल तर लागतं.

गंमत बघा. पिस्तूल विकताना दुकानदाराने सोबत कुलूप किंवा तसं साधन दिलंच पाहिजे, असा केंद्राचा नियम २००५ पासून आहे. ते लावलंच पाहिजे असा नियम मात्र केंद्राने केलेला नाही. कुलूप डब्यात, डबा कपाटात, बंदूक उशाशी, असंही चालतं.

आता हे एवढं महत्त्वाचं का? अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. काळ्या बाजारातून नाही, कुठल्या टोळीकडून नाही. घरातून.

आणि आत्महत्येचं काय? इथे एक समज आपल्यालाही सोडावा लागतो. 'ज्याला मरायचंच आहे तो काहीही करून मरेल' असं आपण म्हणतो. संशोधन वेगळं सांगतं. टोकाचा क्षण अनेकदा थोडा वेळ असतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण साधन बंदूक असेल तर वाचण्याची संधीच फार थोड्यांना मिळते. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे कीटकनाशकांवरून लगेच समजेल. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. लोकांची दुःखं तेवढ्यात संपली नव्हती. दुःख आणि मृत्यू यांच्यामधलं अंतर वाढलं होतं. बंदुकीचं कुलूपही तेच अंतर वाढवतं. हे ऐकताना कोणाला स्वतःची किंवा जवळच्या माणसाची काळजी वाटली, तर भारतात टेलि-मानसच्या १४४१६ वर आणि अमेरिकेत ९८८ वर बोलता येतं, दिवसरात्र.

कायद्याचा परिणाम होतो का? रँड या संशोधनसंस्थेने बंदूक-कायद्यांवरचे सगळे अभ्यास चाळून त्यांची प्रतवारी लावली आहे. बहुतेक कायद्यांबाबत पुरावा अपुरा किंवा संमिश्र आहे, असं ते प्रामाणिकपणे सांगतात. त्याचं एक कारण असं, की १९९६ च्या एका तरतुदीनंतर केंद्राचा या संशोधनावरचा पैसा जवळपास वीस-बावीस वर्षं आटला होता. २०२० च्या अंदाजपत्रकात पुन्हा अडीच कोटी डॉलर मिळाले. पण ज्या थोड्या कायद्यांबाबत पुरावा सगळ्यात भक्कम आहे, त्यांत मुलांपासून बंदूक दूर ठेवण्याचा कायदा येतो. त्याने मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती इजा कमी होतात.

विरोध कोणाचा आणि का

इथपर्यंत ऐकल्यावर वाटेल, की कुलपाला विरोध करणारा माणूस मूर्ख किंवा निर्दय असला पाहिजे. असं समजलं की आपण वाद समजून घेणं सोडून देतो. म्हणून विरोधाचे मुद्दे त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू.

पहिला मुद्दा, वेळेचा. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हे मुख्य कारण सांगितलं. एकटी राहणारी बाई, पोलीस ठाणं चाळीस मैलांवर, मध्यरात्री दाराचा आवाज. तिला किल्ली शोधायला सांगायचं का? याला उत्तर आहे: बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी काही सेकंदांत उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात, आणि बरेच कायदे मूल घरात असेल तेवढ्यापुरतेच आहेत. पण तिजोरीला पैसे पडतात, आणि गरिबाला ते जड जातात.

दुसरा मुद्दा, अंमलबजावणीचा. पोलीस कोणाच्या घरात शिरून कपाट तपासणार? अमेरिकेची चौथी घटनादुरुस्ती वॉरंटशिवाय ते करू देत नाही. म्हणजे कायदा कळतो तो मूल गेल्यानंतर, आणि शिक्षा होते ती आधीच कोसळलेल्या आईबापांना. या मुद्द्यात वजन आहे. आपल्याकडे पुण्यात हेल्मेटसक्तीवर किती वाद झाले ते आठवा. हेल्मेट तरी रस्त्यावर दिसतं. कुलूप चार भिंतींच्या आत असतं. म्हणून या कायद्याचं खरं काम धाडी घालण्याचं नाही. डॉक्टरने, शाळेने, दुकानदाराने 'हे करावंच लागतं' असं म्हणता यावं, आणि हळूहळू ते अंगवळणी पडावं, हे त्याचं काम आहे. ते किती होतं, हे राज्याने लोकांना सांगण्यावर किती मेहनत घेतली यावर ठरतं.

तिसरा मुद्दा आपल्याकडे फारसा पोचत नाही. तो वंशाचा आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या कायद्यांनी मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या हातून शस्त्रं काढून घेतली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे लोक उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणणारा मलफोर्ड कायदा झाला. त्यावर सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. आणि 'ब्रुएन' खटल्यात न्यूयॉर्कच्या गरीब आरोपींची बाजू लढवणाऱ्या सरकारी खर्चाच्या वकिलांनीच न्यायालयाला सांगितलं, की शहरातला परवान्याचा कायदा व्यवहारात काळ्या आणि लॅटिनो तरुणांना तुरुंगात टाकायला वापरला जातो. म्हणजे कायदा चांगला असला तरी तो कोणावर चालवला जातो, हा प्रश्न सुटत नाही.

एकाच वर्षात दोन राज्यं

आता २०२३ मधली दोन राज्यं शेजारी ठेवून बघू.

मिशिगन. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड गावाच्या हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. त्या वेळी मिशिगनमध्ये कुलपाचा कायदा नव्हता. म्हणून सरकारी पक्षाला आईवडिलांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरावा लागला. २०२४ मध्ये ज्यूरींनी दोघांनाही दोषी ठरवलं आणि प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. कुलपाचा कायदा नसलेल्या राज्यात कुलपाचा प्रश्न शेवटी बारा सामान्य नागरिकांना सोडवावा लागला. दरम्यान १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठात आणखी तीन विद्यार्थी मारले गेले. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद नुकतंच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आलं होतं. त्या वसंतात कायदे झाले: पार्श्वभूमी तपासणीची व्याप्ती वाढवणारा, रेड फ्लॅगचा, आणि मूल येण्याची शक्यता असेल तिथे बंदूक कुलपात ठेवायला लावणारा. मुलाच्या हाती लागून कोणाचा मृत्यू झाला तर १५ वर्षांपर्यंत शिक्षा. तिजोऱ्या आणि कुलपांवरचा विक्रीकर काही काळ माफ झाला. कायदे लागू झाले १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, विद्यापीठातल्या गोळीबाराला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी.

टेनेसी. २७ मार्च २०२३ रोजी नॅशव्हिलच्या कव्हनंट शाळेत तीन लहान मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली. रिपब्लिकन गव्हर्नर बिल ली यांनी स्वतः रेड फ्लॅगसारखा कायदा सुचवला आणि ऑगस्टमध्ये खास अधिवेशन बोलावलं. त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळाने तो घेतला नाही. पुढच्या वर्षी शिक्षकांना शाळेत बंदूक बाळगू देणारा कायदा झाला. पण त्या खास अधिवेशनात एक गोष्ट मात्र मंजूर झाली: बंदुकीच्या तिजोऱ्यांवरचा आणि कुलपांवरचा कर माफ, आणि मोफत कुलपांचं वाटप.

बघा, दोन्ही राज्यांनी एकच वस्तू स्वस्त केली. कुलूप चांगलं आहे याबद्दल दोघांचं एकमत आहे. मिशिगन म्हणालं, लावलंच पाहिजे. टेनेसी म्हणालं, लावलंत तर बरं. सगळा वाद या दोन वाक्यांमधल्या अंतराचा आहे. मुलाचा जीव हा पालकाच्या विवेकावर सोडायचा, की त्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांना, म्हणजे समाजाला, काही म्हणण्याचा अधिकार आहे? आमचं मत विचाराल तर पुरावा मिशिगनच्या बाजूचा आहे. पण टेनेसीत मोफत वाटलेलं कुलूपही एखाद्या घरात लागलेलं असेल, आणि ते लागलं ही चांगलीच गोष्ट आहे.

आपली माणसं तिथे आहेत

हा विषय आपल्याला लांबचा नाही. डेट्रॉइटच्या आसपास, न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये हजारो मराठी कुटुंबं आहेत. त्यांची मुलं याच शाळांत जातात. तिथल्या श्रोत्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने सर्वसाधारणपणे बंदूक ठेवता येत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड असेल तर इतर अटी पाळून ठेवता येते. मित्राबरोबर हौसेने दुकानात जाण्याआधी हे माहीत असावं.

दुसरी गोष्ट. मूल मित्राच्या घरी खेळायला जाताना आपण विचारतो: कुत्रा आहे का, अंडं चालत नाही हं, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्याच यादीत एक प्रश्न वाढवा: घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे ना? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच हा प्रश्न विचारायला सांगते. गोळ्या काढलेली, कुलूपबंद, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, अशी त्यांची शिफारस आहे. आपल्या लोकांना हे विचारायला संकोच वाटतो, समोरच्याला काय वाटेल म्हणून. पण बंदूक बाळगणाऱ्या जबाबदार माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. बहुतेक वेळा तो तिजोरी कुठे आहे ते सांगतो.

श्रोत्यांचा एक प्रश्न

व्याख्यानाआधी एक प्रश्न लेखी आला होता: "ऑस्ट्रेलियाने केलं, मग अमेरिकेला का जमत नाही?" १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय करार केला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका परत विकत घेतल्या. पण तिथेही कायदे राज्यांनीच केले. फरक असा, की सगळ्या राज्यांनी एकाच नमुन्याचे केले, आणि सुरक्षित ठेवण्याची सक्ती त्यात होती. तिथे घटनेत शस्त्राचा हक्क नाही आणि बंदुकांची संख्या कोटींमध्ये नव्हती. अमेरिकेत ३९ कोटी बंदुका आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला हक्क, या दोन गोष्टी गृहीत धरूनच पुढचं बोलावं लागतं. म्हणून तिथले बरेच अभ्यासक आता बंदीची भाषा सोडून सुरक्षिततेची भाषा बोलतात.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली, की "अमेरिका काही करत का नाही" असं म्हणण्याआधी चार गोष्टी शोधा. हे कुठल्या राज्यात घडलं? बंदूक आली कुठून? त्या राज्यात कुलपाचा किंवा रेड फ्लॅगचा कायदा होता का? आणि असेल तर तो कोणाला माहीत होता का? या चार उत्तरांतून बातमीतलं पुष्कळ काही कळेल.